चापाखालची पितळी पट्टी

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर शाळाच सुटली. वहीच्या रेघांवर माझी अक्षरं बसत नाहीत, उतारावरच्या शेळ्यांसारखी एका बाजूला पळतात. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या भाऊंना अक्षराचं काही वाटत नसे. ते मला नेहमी म्हणायचे, "वाचू नको गो बाय. बघ."

तुम्ही त्यांना भेटला असता तर आधी त्यांचा अंगठा तुमच्या लक्षात आला असता. कुठलीही धातूची वस्तू हातात आली की ती ते उलटी करायचे, डोळे मिटायचे आणि उजवा अंगठा तिच्यावरून फिरवायचे. दुकानातला तवा असो, चहावाल्याची किटली असो, न्हाव्याची कात्री असो. एकदा न्हाव्याने विचारलं, चाचा, मेरी कैंची में क्या ढूँढता है? भाऊ म्हणाले, "इसका बाप का नाम."

आम्ही दोघं शारजात एकाच घरी कामाला होतो, अल मजाजच्या मागच्या बाजूला, अरबाबच्या जुन्या व्हिलात. अरबाब म्हणजे आमचे मालक. सत्तरी ओलांडलेले, उंच, कमी बोलणारे. मी साफसफाई करायची, चहा-कॉफी करायची, पितळेची भांडी घासायची. भाऊंचं काम मला पहिलं वर्षभर कळलंच नाही.

घरात दोन खोल्या काचेच्या कपाटांच्या होत्या. त्यात पिस्तुलं ठेवलेली होती. खरी, पण नळ्या बुजवलेली, सगळ्यांचे सरकारी कागद असलेली. अरबाबचे आजोबा गलबतातून जावाला जात. त्या वेळी जावावर हॉलंडच्या लोकांचं राज्य होतं, आणि त्यांच्या तिथल्या फौजेची ही पिस्तुलं. आजोबांच्या वाटेवरच्या वस्तू म्हणून अरबाब ती जगभरातून गोळा करायचे. गेलेल्या राज्याची पिस्तुलं तिसऱ्याच देशात मखमलीवर का ठेवायची, हे मला समजलं नव्हतं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? आपण ठसे बघायचे."

ते त्यांचं काम. प्रत्येक पिस्तुलावर काय काय ठोकलेलं आहे, कुठे आहे, किती खोल आहे, हे एका मोठ्या वहीत उतरवून ठेवायचं. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासायची, म्हणजे ठसा कागदावर उठतो. मग तो शेजारी हाताने काढायचा. त्यांनी मला सांगितलं होतं, पिस्तुलाची किंमत लोखंडात नसते, ठशात असते. तेच पिस्तूल ठशाशिवाय एक किंमत, ठशासकट चौपट. हेही मला तेव्हा विचित्रच वाटलं होतं.

भाऊ मूळचे चिपळूणचे. तिथे भांड्यांच्या दुकानात बाहेरच्या पायरीवर बसून त्यांनी सत्तावीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची. एका हातात पोलादी टोचणी, दुसऱ्यात लहानशी हातोडी, आणि टिंबाटिंबांनी अख्खं घराणं ताटाच्या काठावर उतरायचं. मग विजेचं यंत्र आलं. शाळेतला पोरगाही घालील असं नाव ते यंत्र घालायला लागलं, आणि भाऊ गल्फला आले.

अल मजाजमध्ये एका मुंबईच्या कुटुंबाकडे सत्यनारायणाला आम्हा दोघांना बोलावलं होतं. मी स्वयंपाकाला मदत करत होते. भाऊंनी पूजेचं ताम्हन उचललं, उलटं केलं, अंगठा फिरवला आणि वहिनींना म्हणाले, हे नाव डावखुऱ्या माणसाने घातलंय, आणि घालताना त्याचं भांडण झालं होतं, शेवटची तीन अक्षरं रागात ठोकलीत. वहिनी हसून हसून बेजार. त्यांचा मुलगा म्हणाला, "अंकल, दे आर जस्ट डॉट्स." भाऊंनी त्याचा अंगठा धरून ताम्हनावर फिरवला. मुलाने अंगठा पुन्हा एकदा फिरवला आणि म्हणाला, "ओके, दिस पार्ट इज अँग्री."

आता माझा या कामाशी संबंध कसा आला ते सांगते. भाऊंचे डोळे जात होते. अंगठ्याने त्यांना सगळं कळायचं, पण कागदावर उतरवता येईना. एका सकाळी मी खोली पुसत असताना त्यांनी मला हाक मारली, पेन्सिल दिली आणि म्हणाले, हे दिसतंय तसं काढ. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीत थांबले. ते म्हणाले, तेच पाहिजे. ज्याला इंग्रजी येतं तो अर्धं अक्षर दिसलं की पुरं काढून मोकळा होतो.

मग मी काढायला लागले. पिस्तुलाच्या अंगावर मुकुट असायचा, मला तो मोदकासारखा दिसायचा. त्याच्या खाली हॉलंडच्या राणीच्या नावाचं पहिलं अक्षर, म्हणजे दोन डोंगर उलटे टांगलेले. चाप अडकवायच्या कळीजवळ एक शब्द आणि विळ्यासारखा वाकलेला बाण. जावातच बसवलेल्या लाकडी मुठी असल्या तर त्यांच्यावर शंकरपाळ्यासारख्या जाड चौकटी. आणि काहींच्या चापाभोवतीच्या कडीला बोटाच्या पेराएवढी पितळी पट्टी डाग देऊन बसवलेली. तिच्यावर पलटणीचं अक्षर आणि शिपायाचा आकडा. अरबाबना सगळ्यांत किंमत त्या पट्टीची.

मला हे काम आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेलं कोणीतरी जपून ठेवत होतं. पण भाऊंनी बजावलं होतं, "तू काढतेस हे कोणाला सांगू नको. माझे डोळे गेले कळलं तर मला इथे ठेवतील कशाला?" मी कोणाला सांगणार होते? मला तर दुकानात सुटे पैसे मागायलासुद्धा लाज वाटते.

एका पिस्तुलाचा सौदा ठरला होता. हॉलंडचे एक म्हातारे पाहुणे ईदनंतर येऊन ते घेणार होते. अठरा हजार दिरम. भाऊंनी मला रुपये करून सांगितले, चार लाखांच्या वर. त्याची पट्टी काळी पडलेली होती, ठसा जेमतेम दिसत होता. मी त्यावर एक अख्खी सकाळ घालवली. दोन अक्षरं, एक टिंब, मग आकडा. वहीत उतरवलं.

ईदच्या आधी घरातलं सगळं पितळ घासायचं असतं. कॉफीच्या चोचवाल्या सुरया, तबकं, धूपदाण्या. मी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि बसले. सगळं झालं, वाटीत थोडी चिंच उरली. भाऊंच्या टेबलावर ते पिस्तूल होतं आणि त्याला ती काळी पट्टी. मला वाटलं, पाहुणे येणार, एवढंच का घाणेरडं ठेवायचं? मी बोटाला फडकं गुंडाळलं आणि पट्टी घासली. सोन्यासारखी निघाली. फक्त तिच्यावर आता काही दिसत नव्हतं. खाचांतली काळी घाण गेली आणि तिच्याबरोबर ठसाही गेला. तो घाणीमुळेच दिसत होता, हे मला कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. अंगठा फिरवला. थांबले. मग पिस्तूल नाकाशी नेलं आणि म्हणाले, "चिंचेचा वास येतोय." मी फरशी पुसत होते, तशीच पुसत राहिले. ते मला काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, पट्टी उजळली, आता नावही उजळायला हवं.

तुमच्याकडेही हे करत असतील. आजीच्या वेळचं भांडं असतं, घासून घासून नाव पुसट होतं, मग ते बाजारात नेऊन आहे त्याच टिंबांवरून पुन्हा ठोकून आणतात. नवं नाव नाही, तेच नाव. आमच्याकडे त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. उलट भांड्याची कदर केली म्हणतात.

त्यांनी डबा उघडला. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्यांच्या टोचण्या होत्या. वही मी समोर धरली. ते टोचणी टेकवायचे आणि मी सांगायची, थोडं वर, आता डावीकडे, हा आकडा खाली गोल आहे. हातोडीचा आवाज अगदी बारीक येत होता. अर्ध्या तासात सगळं उठून आलं, जसंच्या तसं. भाऊंनी अंगठा फिरवला आणि कितीतरी वर्षांनी खरं काम केल्यासारखे हसले. म्हणाले, "बाय, आज चहात साखर जास्त घाल."

पाहुणे आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत पोचले होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पट्टी बघितली. खूप वेळ बघितली. मग पिस्तूल मखमलीवर ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं, आणि अरबाबना इंग्रजीत एक वाक्य बोलले. अरबाबचा चेहरा बदलला. त्यांनी भाऊंना हिंदीत विचारलं, "ये नंबर कौन मारा?"

भाऊंना वाटलं, कौतुक चाललंय. छाती पुढे काढून म्हणाले, "हम मारा, अरबाब. पुराना घिस गया था. वही नंबर, वही जगह. एक बाल इधर-उधर नहीं."

"और साफ कौन किया?"

भाऊ म्हणाले, "वो भी हम."

मी ते ऐकलं. ट्रे धरून दारातच उभी राहिले.

अरबाबनी मग त्यांना समजावलं, शांतपणे. ठसा जुन्या हाताचा हवा. नवा हात लागला की तो ठसा राहत नाही, नक्कल होते. पाहुण्यांना आता हेही कळत नव्हतं, की तिथे आधी हाच आकडा होता कशावरून. भाऊंनी वही पुढे केली. पाहुण्यांनी माझं पान बघितलं, मान हलवली, काहीतरी चांगलं बोलले. अरबाबनी विचारलं, हे कोणी काढलं? भाऊ म्हणाले, मीच.

पाहुण्यांनी कपाटातून दुसरं एक पिस्तूल मागितलं, भाऊंपुढे ठेवलं आणि वर पेन्सिल ठेवली.  म्हणजे, काढून दाखवा, मग वहीवर विश्वास ठेवू.

भाऊंनी अंगठा फिरवला. डाव्या हाताने कागद चाचपला. मुकुट काढायला लागले. रेघ गोल फिरली, वर गेली आणि कागद संपल्यावरही थांबली नाही, टेबलाच्या पांढऱ्या कपड्यावर गेली.  अरबाब त्या रेघेकडे बघत राहिले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की पेन्सिल इकडे द्या. मी तिथल्या तिथे काढून दाखवलं असतं आणि वहीतलं पान खरं ठरलं असतं. पण मी बोलले असते तर भाऊंचे डोळे गेलेत हे उघड झालं असतं. तसं ते झालंच होतं. मग मी गप्प का राहिले? भाऊंना दिलेल्या शब्दामुळे, की माझ्या नेहमीच्या भित्रेपणामुळे? मी स्वतःला हे पुष्कळ वेळा विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय.

भाऊंनी दाराच्या दिशेला तोंड केलं. मी तिथे आहे हे त्यांना कशावरून कळलं कोण जाणे. मराठीत म्हणाले, "बाय, चहा ठेव आणि जा."

मी चहा ठेवला आणि गेले. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुतले.

पाहुणे सहा हजार देऊन पिस्तूल घेऊन गेले. बारा हजारांचं नुकसान झालं. अरबाब ओरडले नाहीत. "खलास," एवढंच म्हणाले, आणि कपाटांच्या किल्ल्या आपल्या खिशात ठेवल्या. वही परत कधी उघडली नाही. ज्या माणसाने एक ठसा मारला त्याने बाकीचे मारले नाहीत कशावरून, असं त्यांच्या मनात आलं असेल. अकरा वर्षांची वही होती ती.

भाऊंना त्यांनी कामावरून काढलं नाही. बागेच्या नळांकडे आणि फाटकाकडे बघायला ठेवलं. पण भाऊंनीच सांगितलं, बारा हजार मी फेडीन. अरबाब म्हणाले, जरूरत नहीं. तरी पगाराच्या दिवशी भाऊंनी पाचशेचं पाकीट त्यांच्या कॉफीच्या तबकाशेजारी ठेवलं. अरबाबनी ते उचललं नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी मी पुसायला गेले तेव्हा नव्हतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मागितले नव्हते तर घेतले का, आणि घ्यायचे होते तर मागितले का नाहीत, हे मला समजलं नाही.

एका शुक्रवारी आम्ही खालिद खाडीच्या कठड्यावर बसलो होतो. भाऊ कलिंगड खात होते. मी सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, भाऊ, ते माझ्यामुळे झालं. त्यांनी बी थुंकली आणि चिपळूणच्या दुकानाची गोष्ट सुरू केली. तिथे भांड्यावर चुकीचं नाव पडलं तर त्या भांड्याचे पैसे कारागिराच्या पगारातून जायचे. शेठला बोलावंही लागायचं नाही, कारागीर आपणहून ठेवायचा.

मी म्हटलं, पण तुमचं नाव चुकलं नव्हतं. आकडा बरोबरच होता.

"तेच तर कळत नाही गो," भाऊ म्हणाले. "नाव बरोबर आणि भांडं फुकट गेलं, असं मी जन्मात बघितलं नाही."

अर्धे पैसे मी देते म्हटलं तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. तुझा पगार तुझ्या मुलीचा आहे, तिला नर्स होऊ दे. चिंचेचं त्यांनी नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. त्यांना माहीत होतं का, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वास त्यांना आला होता. पण पुढे पुढे ते असे बोलायचे, की आपणच पट्टी घासली यावर त्यांचा खरंच विश्वास बसलाय की काय असं वाटावं. "मला मेल्याला कुठून बुद्धी झाली घासायची," असं एकदा कपाळावर हात मारून म्हणाले. मी समोरच होते. थट्टा होती की खरं होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही.

दीड वर्ष त्यांनी पाकीट ठेवलं. नऊ हजार झाले. मग व्हिसा संपला आणि डोळ्यांमुळे पुढचा मिळण्यासारखा नव्हता. अरबाबनी विमानाचं तिकीट काढून दिलं. जाताना भाऊ मला म्हणाले, तीन हजार राहिलेत, सत्तर हजार रुपये धर, गावाहून पाठवीन, अरबाबला सांग. मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसलं नसेल, म्हणून तोंडाने "हो" म्हटलं.

गणपती झाले आणि त्यांच्या सुनेचा फोन आला. ताप आला होता, चार दिवसांत गेले. ती फोनवर रडत होती आणि मी खाली बसून ऐकत होते. शेवटी तिने विचारलं, तिकडे बाबांचं काही देणं राहिलंय का? मी म्हटलं, नाही, काही नाही.

पुढच्या पगाराला मी तबकाशेजारी तीनशेचं पाकीट ठेवलं. भाऊंसारखंच, न बोलता. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. असे महिने गेले. अरबाबना वाटत असेल, गावाहून येतायत. किंवा वाटत नसेल. माझ्या मुलीला मी फोनवर सांगितलं, यंदा पैसे थोडे कमी येतील. का, ते सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात दहावं, शेवटचं पाकीट होतं. मधल्या एका महिन्यात मी पन्नास कमी ठेवल्यासारखं वाटत होतं, नक्की आठवेना. म्हणून साडेतीनशे घातले. या वेळी ठेवून निघून आले नाही. अरबाब येईपर्यंत उभी राहिले. 

ते आले, बसले, माझ्याकडे बघितलं. मी हिंदीत म्हटलं, "वो पीतल मैंने घिसा था. भाऊ ने नहीं. और किताब में तस्वीर भी मैं निकालती थी." आवाज एवढा बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

अरबाबनी कॉफीचा कप खाली ठेवला.  मग विचारलं, "तो फिर वो आदमी पैसा क्यों दिया?"

"मालूम नहीं, अरबाब."

"हाँ," ते म्हणाले. "मुझे भी मालूम नहीं."

त्यांनी पाकीट उघडलं, नोटा मांडीवर एकेक करून मोजल्या. पन्नासची नोट बाजूला काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ये ज्यादा है," ते म्हणाले. "बारह हजार पूरा."